एम.ई.च्या प्रोजेक्टला 'वायरलेस मेशमधलं क्रॉस-लेयर डिझाइन' हा विषय घ्यावा का? सिम्युलेशनला एनएस-२ वापरू की एनएस-३?

घ्या की. नेटवर्कचं काम थरांत, म्हणजे लेयरमध्ये वाटलेलं असतं; एका लेयरची माहिती दुसऱ्याने वापरली की ते क्रॉस-लेयर. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, 'सगळे लेयर एकमेकांशी बोलतील असा प्रोटोकॉल करायचाय, गाइडना कल्पना आवडली आहे.' आवडणारच. स्लाइडवर सगळीकडून सगळीकडे बाण काढले की कुणालाही आवडतं. असेच बाण मी चाकणला एका मीटिंगमध्ये पाहिले आणि त्यापुढचा पावसाळा वजनकाट्याच्या केबिनमध्ये काढला, म्हणून लिहायला बसले.

कारखान्याचं नाव सांगत नाही. गेटवर वजनकाटा, आत ऑफिस, मध्ये ट्रेलर उभे करायचं मोठं यार्ड. खोदाई नको म्हणून खांबांवर वाय-फाय राउटर लावून मेश केलेलं, म्हणजे एकाने दुसऱ्याची पॅकेट्स पुढे ढकलायची; प्रत्येकात एकच रेडिओ. राउटिंग, म्हणजे पॅकेटचा रस्ता ठरवणं, ओएलएसआर प्रोटोकॉलकडे; तेही नुसते हॉप (वाटेतल्या उड्या) मोजणारं. ट्रक काट्यावर चढला की वजनाचा आकडा आणि नंबरप्लेटचा फोटो ऑफिसला जायचा. आकडा जायचा, फोटो अडकायचा. मागे रांग, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून, आणि आमचे साहेब फोनवर, "पिंग जातंय ना? मग नेटवर्क ठीक आहे."

ठीक नव्हतं. शेजारी कोण आहे ते कळायला राउटर जी हॅलो पॅकेट्स पाठवतात ती लहान असतात, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम) असतात आणि सगळ्यात कमी रेटने, म्हणजे वेगाने जातात. म्हणून ती यार्डापलीकडच्या ऑफिसला थेट ऐकू जायची. निम्मी गळायची, पण लिंक जिवंत आहे असं राउटिंगला वाटायला तेवढं पुरायचं. मग एका हॉपच्या मोहापायी फोटोची मोठी पॅकेट्स त्याच लिंकवर चढ्या रेटने फेकली जायची आणि हवेतच मरायची. मधला खांब बिनकामाचा उभा.

यावरचं औषध २००३ पासून छापलेलं आहे. एमआयटीच्या रूफनेट या वायरलेस मेशवाल्यांचं ईटीएक्स, म्हणजे एक पॅकेट पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल तो आकडा. जाताना निम्मी पॅकेट्स आणि येताना निम्म्या पोचपावत्या गळत असतील तर १ भागिले ०.२५, म्हणजे ४. मधल्या खांबावरून गेलात आणि दोन्ही दिशांना ९० टक्के पोचत असतील, तर दर हॉपला १.२३, दोन्ही मिळून २.४७. म्हणजे दोन हॉपचा रस्ता स्वस्त. लिंक लेयरचा एक आकडा राउटिंगला कळला, झालं क्रॉस-लेयर! बर्लिनच्या फ्रायफुंक या सामुदायिक वाय-फायवाल्या मंडळींमुळे ओएलएसआरच्या डीमनमध्ये (राउटरवर सतत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ही सोय होतीच, फक्त चालू करायची होती. मीटिंगमध्ये मी एवढंच सांगत होते.

साहेब म्हणाले, "यात आपण काय केलं?" त्यांना हवं होतं ते असं: शेजाऱ्याचा सिग्नल दणकट असेल तर रेडिओची पॉवर आपोआप कमी, रूटही त्यावर ठरणार, सगळं एका मॉड्यूलमध्ये. झालं काय, तर लिंक चांगली म्हणून पॉवर उतरायची, उतरली की गळती, गळती दिसली की रूट दुसऱ्या खांबाकडे. मग गळती पाहून पॉवर परत चढायची आणि रूट परत पहिल्या खांबाकडे. पॉवरचा आणि रूटचा असे दोन्ही लूप जवळपास एकाच वेगाने फिरत एकमेकांना हलवत होते. मध्ये एखादा ट्रेलर येऊन उभा राहिला की विचारूच नका.

कवाडिया आणि पी. आर. कुमार यांनी क्रॉस-लेयर डिझाइनवरच्या २००५ च्या लेखात नेमका हाच इशारा दिलाय. त्यांचं एक उदाहरण तर आमच्या यार्डाचंच वाटतं: रेट जुळवणारा मॅक (हवेत कुणी कधी बोलायचं ते ठरवणारा लेयर) आणि कमीत कमी हॉप शोधणारं राउटिंग एकत्र आले की लांबलांबच्या, रडतखडत चालणाऱ्या लिंक निवडल्या जातात. लेखाची प्रिंट मी साहेबांच्या टेबलावर ठेवली होती. तिच्यावर चहाचा कप ठेवला जायचा. शेवटी मॉड्यूल काढलं, ईटीएक्स चालू केलं, फोटो जायला लागले. रिपोर्टात 'साहेबांच्या मार्गदर्शनाखाली ट्यूनिंग' असं आलं.

तर तुमच्याबद्दल. एनएस-३ घ्या. एनएस-२ च्या स्क्रिप्ट सीनियरकडून आयत्या मिळतात, एवढाच त्याचा फायदा. एनएस-३ मध्ये ८०२.११एस या वाय-फाय मेशच्या स्टँडर्डचं मॉड्यूल आहे, ओएलएसआर आहे आणि ते हॉपच मोजतं, म्हणजे बदलायला जागा आहे. साध्या एओडीव्ही या राउटिंग प्रोटोकॉलला हरवून ग्राफ दाखवू नका, त्याला कुणीही हरवतं. लेयरला हात लावायचाच नाही म्हणणारे एक्स्टर्नल परीक्षक भेटले, तर २०११ च्या ८०२.११एस मध्येच एअरटाइम मेट्रिक (पॅकेट हवेत किती वेळ खाईल तो आकडा) आहे आणि रस्ता लेयर २ वर, म्हणजे लिंक लेयरवरच ठरतो, हे दाखवा. आणि गाइडना आत्ताच विचारा: कुठला लूप किती वेळाने फिरणार? 'ते आपोआप होईल' असं उत्तर आलं तर विषय तोच ठेवा, जमलं तर गाइड बदला.

हो, माझे सगळे नोड खांबाला बांधलेले आणि विजेवर चालणारे होते. बॅटरीवरचे सेन्सर असतील तर पॉवर कंट्रोल टाळता येणार नाही. नोड गाड्यांवर असतील तर ईटीएक्सची सरासरी तयार होईपर्यंत गाडी पुढे गेलेली असते. शिवाय ईटीएक्सची चाचणी पॅकेट्ससुद्धा लहान आणि कमी रेटचीच असतात, त्यामुळे तेही लिंकला जरा जास्तच मार्क देतं. ड्रेव्हस, पाध्ये आणि झिल यांनी २००४ मध्ये ईटीटी काढलं, त्यात पॅकेटचा आकार आणि रेट दोन्ही धरलेत. तुलनेला तेच घ्या.