टाइमशेअरच्या टेबलावर काय मागायचं

पोरी,

शुक्रवारी तुम्ही गोव्याला निघताय आणि रिसॉर्टवाल्यांचा "मुक्कामात आमच्या टीमसोबत तासाभराची भेट" असा फोन येऊन गेलाय, हे तुझ्या मेसेजवरून कळलं. टाइमशेअरची मेंबरशिप, म्हणजे एकदा मोठी रक्कम आणि वर दर वर्षी फी भरून त्यांच्या रिसॉर्टमध्ये वर्षाला ठरावीक रात्री राहायचा हक्क, घ्यायचीच ठरली तर बदल्यात काय काय मागता येईल, हा तुझा प्रश्न. फोनवर सांगितलं असतं, पण यात आकडे आहेत आणि ते तुझ्या नवऱ्यानेही वाचायला हवेत. दोघांना एकत्र बसवल्याशिवाय ते प्रेझेंटेशन सुरूच करत नाहीत. एकाने "घरी विचारून सांगतो" म्हणायची सोय राहू नये, म्हणून.

माझी अख्खी नोकरी खरेदी विभागात गेली आणि तूही त्याच टेबलावर तयार झालीस. तेव्हा विक्रेत्याशी बोलायचं कसं हे तुला शिकवायला नको. पण इथे विक्रेता तुझा यजमानही असतो. सकाळी त्याने पोहे वाढलेले असतात, पोराला फुगा दिलेला असतो. कोटेशन मागवून तीन पार्ट्यांची तुलना करण्याची आपली सवय तिथे आपोआप गळून पडते.

न मागता काय मिळतं ते आधी सांगतो. एखादं जेवण, स्पाचं व्हाउचर, चालू मुक्कामाच्या बिलात सूट, ट्रॉली बॅग, वर्षभरात वापरायच्या दोन-तीन जादा रात्री. थोडं ताणून धरलं की पहिल्या वर्षाची फी माफ. हे सगळं फार तर वर्षभरात संपतं. तू मात्र पंचवीस वर्षांसाठी सही करणार. (हल्ली दहा वर्षांच्या आणि त्याहून छोट्या योजनाही निघाल्यात, पण टेबलावर आधी मोठीच येते.) म्हणून माझं सांगणं एवढंच, की जी सवलत फीइतकीच वर्षं टिकेल तिच्यासाठीच घासाघीस करायची. बाकीचं देतील ते हसून घ्यायचं, पण त्याच्या बदल्यात काहीही सोडायचं नाही.

आता आकडे. ते असं मांडतील: चार लाख भागिले एकशे पंचाहत्तर रात्री (वर्षाला सात, पंचवीस वर्षं), म्हणजे २,३०० रुपयांच्या आत एक रात्र, आणि आज हॉटेलचे भाव बघा! तू कागदाच्या मागच्या बाजूला तुझं गणित मांड. किंमत समजा ४ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२ हजार, एकूण ४ लाख ७२ हजार. एवढे पैसे ७ टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाला ३३ हजार व्याज. वार्षिक फी समजा २० हजार, जीएसटी धरून २३,६००. दोन्ही मिळून झाले साडेछप्पन हजारांच्या वर. सातने भाग, रात्र आठ हजारांना पडते. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. शिवाय बँकेतलं मुद्दल तिथेच राहतं, इथलं पंचवीस वर्षांत शून्यावर येतं. वार्षिक फी दर वर्षी ६ टक्क्यांनी वाढली तर बाराव्या वर्षाच्या आसपास दुप्पट होते आणि चोविसाव्याच्या आसपास चौपट. आकडे माझे समजुतीचे आहेत, त्या जागी त्यांचे खरे घाल. फी कोणत्या सूत्राने वाढते, महागाई निर्देशांकाने की कंपनीच्या मर्जीने, वाढीला वरची मर्यादा आहे का, हा पहिला प्रश्न. आणि एखाद्या वर्षी गेलोच नाही तरी फी भरायची का, हा दुसरा. उत्तर बहुधा "हो" असतं.

मग फी गोठवून द्या अशी मागणी का करू नये? कर, पण मिळेल अशी आशा ठेवू नकोस. इतवारीतल्या ठोक दुकानात मालक स्वतः गादीवर बसलेला असतो, मनात आलं तर भाव तोडतो. इथे तुझ्यासमोरच्या पोराच्या हातात ठरावीक खणाची किल्ली दिलेली असते. त्या खणात डाउन पेमेंट कमी करणं असतं, हप्ते वाढवणं असतं, पहिली फी, जादा रात्री आणि व्हाउचर असतात. फीचं सूत्र सगळ्या मेंबरांना एकच, ते तिथे कोणीच बदलू शकत नाही. कोणी "करून देतो" म्हणालाच तर करारातलं कलम दाखवायला सांग.

खणात आणखी एक गोष्ट असते, ती सहसा शेवटी निघते: सीझन. या धंद्यात वर्षाचे रंग पाडलेले असतात. जांभळा म्हणजे गर्दीचा ऐन काळ, मग लाल, पांढरा आणि निळा. तू ज्या रंगाची मेंबरशिप घेशील त्या आणि त्याखालच्या रंगाच्या तारखा तुला मिळतात. किंमत तीच ठेवून रंग एक पायरी वर मागायचा. खोलीचंही तसंच, स्टुडिओच्या किमतीत एक बेडरूमचा फ्लॅट मागता येतो. दोघांतलं एकच मिळत असेल तर तू रंग घे. पोरगं लहान आहे तोवर स्टुडिओत भागतं. पण चुकीच्या रंगाची मेंबरशिप शाळेच्या वेळापत्रकाशी कधीच जुळत नाही.

नागपूरकराने हा रंगांचा तक्ता स्वतःच्या कॅलेंडरशेजारी ठेवून वाचायला हवा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला की सगळ्यांना डोंगर आठवतो, म्हणून मे जांभळ्यात असणारच. पण आपल्याकडे उन्हामुळे राज्य मंडळाच्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा आठवडाभर उशिरा भरतात. जूनच्या मध्यानंतर पुण्या-मुंबईची मंडळी घरी परतलेली असतात, तेव्हाही आपल्याला सुट्टी असते. तो आठवडा तुला हव्या असलेल्या जागी कोणत्या रंगात पडतो ते बघ. खालच्या रंगात पडत असेल तर महागडा रंग घ्यायची गरजच कमी होते. डिसेंबरचं तुला सांगायलाच नको. नवरा सार्वजनिक बांधकाम खात्यात, अधिवेशन आलं की रविभवन, नागभवन आणि आमदार निवासापलीकडे त्याला दुसरं जग नसतं. नाताळातली रिकामी खोली तुम्हाला कोणी फुकट दिली तरी त्याची रजा मंजूर व्हायची नाही. मग त्या आठवड्याचे पैसे रंगाच्या नावाखाली का भरायचे, हे त्यांना विचारता येतं आणि त्यावर भावही उतरवता येतो.

जादा रात्रींचंही असंच. त्या बहुतेक वेळा ऑफ-सीझनपुरत्याच असतात. "ताडोबाजवळच्या रिसॉर्टमध्येही चालतील" असं ऐकायला गोड वाटतं, पण १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं. तेवढ्यासाठी मोहर्लीपर्यंत जाऊन खोलीच्या खिडकीतून पाऊस बघायचा असेल तर गोष्ट वेगळी. जादा रात्री घेताना कोणत्या तारखा चालणार नाहीत त्यांची यादी माग आणि वापरायची मुदत एका वर्षाऐवजी तीन वर्षं करून घे. हे ते देऊ शकतात, कारण त्यात त्यांचं फारसं जात नाही.

आंतरराष्ट्रीय अदलाबदलीची (आपल्या रात्री देऊन दुसऱ्या देशातल्या रिसॉर्टमध्ये राहायची) मेंबरशिप "फुकट" मिळते तेव्हाही थोडं थांब. आरसीआय ही अमेरिकेत १९७४ साली सुरू झालेली अदलाबदल कंपनी, तिचं जाळं खरंच मोठं आहे. फुकट असते ती पहिल्या काही वर्षांची वर्गणी. प्रत्येक अदलाबदलीचं शुल्क त्याहून वेगळं असतं. पहिल्या एक-दोन अदलाबदलींचं शुल्क कंपनीने भरावं, अशी मागणी कर. बहुतेकांना ती सुचत नाही.

हप्त्यांबद्दल थोडक्यात. "बिनव्याजी हप्ता" म्हटलं तरी मागे बँकेचं किंवा वित्त कंपनीचं कर्ज असू शकतं. तसं असेल तर मेंबरशिप रद्द झाली तरी कर्ज तुझ्या नावावर चालूच राहतं, ते फेडायची जबाबदारी कोणाची हे आधी ठरवून घे. खात्यातून आपोआप पैसे कापायच्या नॅच मँडेटवर त्या दिवशी अजिबात सही करायची नाही. क्रेडिट कार्ड खोलीतच ठेवून जा.

टेबलावरचा क्रम साधारण ठरलेला असतो. एक हसतमुख पोरगा तुमच्या सुट्ट्यांचा खर्च विचारतो, पुढच्या पंचवीस वर्षांचा आकडा फुगवून दाखवतो, किंमत सांगतो. तुम्ही नको म्हणालात की मॅनेजर येतो आणि किंमत उतरते. पुन्हा नको म्हणालात की छोटी योजना निघते. शेवटी "हा भाव आजचाच, तुम्ही इथे आहात म्हणून". त्या वाक्यावर चिडू नकोस, त्या पोराचंही महिनाअखेरचं टार्गेट असतं. शांतपणे म्हण, "हाच भाव आणि हे सगळे फायदे कंपनीच्या ईमेलवरून लिहून पाठवा, आम्ही नागपूरला जाऊन पुढच्या शनिवारी सांगतो." घरी पोचल्यावर फोन येतोच, आणि मला तरी आजवर असं कोणी भेटलं नाही ज्याला घरी आलेला भाव रिसॉर्टवरच्या भावापेक्षा वाईट होता. मधल्या दिवसांत ओएलएक्सवर त्याच कंपनीच्या जुन्या मेंबरशिप काय भावाने विकायला आहेत ते बघ आणि नाव बदलायचं शुल्क विचार. बाहेर पडणारे लोक किती कमी किमतीला तयार होतात ते एकदा पाहिलं की व्हाउचरचा मोह उतरतो.

जे ठरेल ते करारातच यायला हवं. अशा करारांत बहुधा एक कलम असतं: यात लिहिलेलं सोडून इतर कोणतंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. त्या एका ओळीने पोराने व्हॉट्सअ‍ॅपवर कबूल केलेली प्रत्येक गोष्ट पुसली जाते. म्हणून फायद्यांचं वेगळं परिशिष्ट, त्यावर अर्जाचा क्रमांक आणि कंपनीचा शिक्का. दुसरी युक्ती म्हणजे आधी फक्त अर्जावर सही घेतात आणि करार नंतर कुरिअरने येतो. कोरा करार आधी ईमेलवर माग. नाही मिळाला तर बोलणी तिथेच संपली असं समज.

विचार बदलला तर पैसे परत मिळण्याची मुदत नीट वाच. युरोपात टाइमशेअरच्या ग्राहकाला कायद्यानेच चौदा दिवस मिळतात आणि तेवढ्या काळात कंपनीला त्याच्याकडून पैसाही घेता येत नाही. फ्लोरिडात दहा दिवस. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही, कंपनीच्या करारात असेल तेवढीच मुदत. ती कोणत्या तारखेपासून मोजतात, अर्जाच्या, पैसे भरल्याच्या की करार हातात पडल्याच्या? "करार मिळाल्यापासून" असं लिहून घेता आलं तर ती मला सगळ्या व्हाउचरांपेक्षा मोलाची सवलत वाटते. मुदतीनंतर रद्द केलं तर काय कापतात हेही बघ. किमतीचे अ‍ॅडमिशन फी (प्रवेशाची) आणि एन्टायटलमेंट फी (वापराच्या हक्काची) असे दोन भाग पाडलेले असतील तर पहिला भाग सहसा परत येत नाही.

करारात "वाद झाल्यास फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात" असं असलं तरी घाबरू नकोस. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा आयोगात. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं तिथेच चालतात, ५ लाखांपर्यंत शुल्कही नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करायची. अर्थात हे लागू नये म्हणूनच एवढं लिहितोय.

आणि कोणी "रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर वाढीव पैसे परत" म्हणालं तर चहासुद्धा न पिता उठ. पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने खोल्यांच्या रात्रींच्या नावाखाली हेच चालवलं होतं. भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०१६मध्ये ती बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून सात हजार कोटींहून जास्त रक्कम परत करायला सांगितली. आपल्या गल्लीतही त्यात अडकलेले लोक आहेत, एजंट ओळखीचा होता म्हणून गेले बिचारे.

तू घ्यावी की नाही, हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. दर वर्षी सात रात्री, सहा महिने आधी तारखा ठरवून, एवढी शिस्त असलेल्या घराला ही मेंबरशिप परवडू शकते. तुमच्याकडे रजा आदल्या दिवशी रद्द होते. शिवाय सकाळी गाडी काढून दुपारच्या जेवणाला पोचावं अशी जागा, पचमढी, पेंच, चिखलदरा, त्यांच्या यादीत किती आहे ते बघ. केरळ म्हटलं की बहुतेकदा एक विमान बदलायचं, हिमाचल म्हटलं की दिल्लीवरून, आणि तीन तिकिटांचा मे महिन्यातला खर्च त्या प्रेझेंटेशनमध्ये कुठेच नसतो. मी तुझ्या जागी असतो तर यंदा ऐकून घेतलं असतं, कागद आणले असते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबलो असतो.

कराराचा मसुदा आला की पीडीएफ पाठव. छापील पाठवू नकोस, त्यांचा टाइप बारीक असतो, मला स्क्रीनवर मोठा करून वाचता येतो. आणि नवऱ्याला म्हणावं, मॅनेजर आला की क्रिकेटचा विषय काढायचा नाही.

तुझे,
सर