वाचकांचे प्रश्न : ओले रंग, कोरडे रंग

प्रश्न : जलरंगात आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) देताना मध्येच पट्टे उमटतात आणि वाळल्यावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग दिसतात. रंग-ब्रश चांगले आहेत. चुकतं कुठे? (परभणी)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पट्टा पडतो तो रंग फार लवकर वाळल्याने. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, वर पंखा गरगरत असतो. दुसरा फटकारा पोचेपर्यंत पहिल्याची कड वाळून बसते. सकाळी लवकर बसा, पंखा बंद ठेवा. कूलरची ओल उपयोगाचीच, फक्त झोत थेट कागदावर नको. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर घ्या आणि रंगवण्याआधी दोन्ही बाजूंनी भिजवा.

रंग आधीच वाटीत भरपूर कालवून ठेवा, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळत नाही. बोर्डाच्या वरच्या कडेखाली डस्टर सरकवा. आडवा फटकारा मारला की त्याच्या खालच्या कडेला रंगाची ओळ साचते. पुढच्या फटकाऱ्याने ती ओळ खाली ओढत न्यायची. तळाशी उरलेली ओळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या, नाहीतर तोच रंग मागे चढतो.

फ्लॉवरचा डाग मात्र लुडबुडीचा. अर्धवट वाळलेल्या भागात पाणीदार ब्रश टेकवला की पाणी पसरताना रंगकण पुढे ढकलतं आणि कडेला नेऊन टाकतं. म्हणून कागद तिरका धरून चमक बघा. आरशासारखी चकाकी असेल तर बिनधास्त रंगात रंग सोडा. चकाकी मावळू लागली की हात आवरा. ती पूर्ण गेल्यावरही कागदाला हाताची मागची बाजू लावून पाहा. गार लागला तर आत ओल आहे, दुसरा थर अजून नको.

आणखी एक : जलरंग वाळल्यावर फिका पडतोच. ओला असताना ‘जरा जास्तच झाला’ वाटेल इतका गडद घ्या.

प्रश्न : पेन्सिलीवर कोळसा चढत नाही. फिक्सेटिव्ह (रंग पुसू नये म्हणून मारायचा फवारा) मारल्यावर सॉफ्ट पेस्टलचे, म्हणजे मऊ रंगीत खडूंचे उजळ भागही मळकट होतात. (उदगीर)

उत्तर : पेन्सिलीतलं ग्राफाइट गुळगुळीत, घासून घासून चकाकलेल्या जागेवरून कोळसा घसरतो. क्रम उलटा करा. आधी कोळसा, बारीक रेषांना चारकोल पेन्सिल, म्हणजे मधेच ग्राफाइटची चमकही दिसणार नाही.

पेस्टलचं तेज त्याच्या सुट्या भुकटीत असतं. कणांमधल्या हवेमुळे प्रकाश विखुरतो आणि रंग उजळ दिसतो. फिक्सेटिव्ह त्या फटी भरतं, की रंग लगेच गडद. बाटली हातभर लांब धरून हलके दोन थर द्या, मध्ये दहा मिनिटं जाऊ द्या, आणि हे काम मोकळ्या हवेतच करा. सगळ्यात उजळ ठिपके फवारणीनंतर द्यायचे. त्यावर पुन्हा फवारा नको.

प्रश्न : अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावरची, म्हणजे फ्रेस्को, हे खरं का? (सिल्लोड)

उत्तर : नाही. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होताना रंग आत धरून ठेवतो. तिथे त्या दिवसाचा गिलावा वाळण्याआधी काम उरकावं लागतं. अजिंठ्यात बेसाल्टच्या भिंतीवर भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू घातलेला मातीचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट बंधक घातलेले रंग : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी. म्हणूनच सावकाश केलेलं नाजूक रेषाकाम तिथे शक्य झालं. पण रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. ओल शिरून गिलावा सुटला की त्याच्याबरोबर चित्रही खपलीसारखं निघतं.