पाव, पाऊण, सव्वा: अपूर्णांक शिकवताना

सर, पाचवीला अपूर्णांक घेताय म्हणून सांगते. पहिले दोन-तीन दिवस छेद-अंश फळ्यावर लिहूच नका. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा हे शब्द मुलं घरूनच घेऊन येतात, तिथून सुरुवात करा.

माझ्या वर्गात भाजीवाल्या ताईंची मुलगी होती. वहीत पाऊणचं गणित आलं की पेन्सिल चावत बसायची. एकदा विचारलं, "वांगी 40 रुपये किलो, तर पाऊण किलोचे किती?" लगेच म्हणाली, "तीस." कसे गं? "अर्ध्याचे वीस, पावाचे दहा." अहो, ही अपूर्णांकांची बेरीजच झाली की! तिचंच बोलणं फळ्यावर उतरवलं आणि मग चिन्हं शिकवली.

वर्गात तराजू आणा. वजनं नसतील तर वाळूच्या 250 आणि 500 ग्रॅमच्या पिशव्या मुलांकडूनच करून घ्या. आधी अंदाज, मग तोलणं. हा क्रम मोडू नका. अंदाज चुकला की मूल आपणहून विचाराला लागतं.

आठवडी बाजारात जरूर न्या. डहाणूजवळच्या कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. पण परत आल्यावर वहीत हिशेब मांडून घ्या, नाहीतर ती नुसती सहल होते.

आणि भाकरीचे चार तुकडे करताना ते सारखेच हवेत यावर अडून बसा. मुलं नेमकी तिथेच घसरतात.