जुन्या प्रीमियर पद्मिनीला घरीच जास्त वॅटचे हेडलाइट बल्ब बसवावेत का?

आपण विचारले आहे की, वडिलांच्या जुन्या पद्मिनीचे दिवे रात्री शिरपूर-चोपडा रस्त्यावर फार मिणमिणते वाटतात, तर बाजारात मिळणारे १००/९० वॅटचे हॅलोजन बल्ब घरीच बसवता येतील का. बसवता येतील, परंतु कृपया बसवू नका. आपला दोष बहुधा बल्बमध्ये नाही.

मी स्वतः तीच चूक केली होती. असे बल्ब बसवल्यानंतर अमळनेरहून धुळ्याकडे जाताना तासाभरात डॅशबोर्डमागून जळका वास येऊ लागला. स्विच उघडून पाहिला, तर आतले प्लास्टिक तपकिरी होऊन तडकले होते आणि तारेचे कव्हर बोटाने दाबताच भुगा होऊन गळत होते. गावातल्या वायरमनने एकाच वाक्यात निदान केले : "बल्बमा खोट नही भाऊ, तारमा शे."

हिशेब सरळ आहे. जुने ४५/४० वॅटचे दोन बल्ब अप्परवर (लांबच्या उजेडावर; पहिला आकडा त्याचा, दुसरा डिपरचा) सुमारे साडेसात अँपिअर घेतात, ६०/५५ वॅटचे दहा आणि १०० वॅटचे सोळा ते सतरा. मूळ जोडणीत हा सारा प्रवाह बॅटरीपासून स्विचमधून फिरून दिव्यांपर्यंत येतो, आणि वर्षानुवर्षे गंजलेल्या जोडांमध्ये व्होल्टेज गळत राहते. दिवे लावून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. माझ्या गाडीत ते १२.४ आणि १०.७ भरले. व्होल्टेज दहा टक्के घटले की प्रकाश जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणजे मी साठ टक्क्यांच्या आसपास उजेडात गाडी चालवत होतो, आणि तेही कपाशी भरलेले, मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर ज्या रस्त्यावर असतात त्या रस्त्यावर.

म्हणून ६०/५५ वॅटचे बल्ब घ्या आणि दोन रिले (किरकोळ प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच) बसवा, एक अप्परसाठी आणि एक डिपरसाठी. मात्र खरेदीपूर्वी जुना बल्ब काढून त्याची बैठक पाहा, कारण जुन्या बल्बची बैठक गोल चकतीची असते आणि एच-फोर प्रकारच्या हॅलोजन बल्बची तीन पात्यांची. दोन्ही एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. प्रत्येक रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून २.५ चौरस मिलिमीटरची तार द्या आणि त्या तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज घाला. ८७ वरून दोन्ही दिव्यांकडे तितकीच जाड तार न्या. दिव्याकडे येणारी जुनी तार आता ८६ ला जोडा आणि ८५ अर्थ करा, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडा. स्विचवर मग केवळ रिले ओढण्यापुरता किरकोळ प्रवाह राहतो. अर्थकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात, आणि निम्मा बिघाड तिथेच असतो : बॉडीवरचा रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळा आणि वर ग्रीस लावा. आपल्याकडे पावसाळ्यात गंज चढतो आणि उन्हाळ्यात बॉनेटखाली तारा भाजून निघतात, त्यामुळे तारांवर स्लीव्ह चढवा आणि त्या इंजिनच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून दूर बांधा.

गाडीला अजून आल्टरनेटरऐवजी जुना डायनॅमोच असेल, तर इंजिन मंद चालताना तो पुरेसे चार्जिंग देत नाही, हे लक्षात असू द्या. रेल्वे फाटकावर थांबल्यावर पार्किंग दिव्यांवर या.

शेवटी गाडी सपाट जागी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करा, भिंतीवर दिव्यांच्या मध्याइतक्या उंचीवर खडूने रेघ मारा आणि डिपरचा उजेड त्या रेघेच्या साधारण तीन इंच खाली येईल असे स्क्रू फिरवा. मग अर्धा तास दिवे लावून गाडी चालवून आणा आणि दिवे बंद करून प्रत्येक जोड हाताने चाचपा. जो गरम लागेल तो कापून पुन्हा करा.