ताई, पावडरचा डबा घेऊ का? – वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत, पोरांच्या अंगी काही लागत नाही आणि किराण्याला पैसे पुरत नाहीत. त्यातली चार घेतलीयत. पहिल्याला जरा जास्त जागा देतेय कारण हा प्रश्न एका घराचा नाहीये.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही इचलकरंजीत राहतो, मिस्टर यंत्रमागावर आहेत, सासूबाई धरून घरात पाच जण. मोठी मुलगी 9 वर्षांची आहे, शाळेतल्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन 9.8 आलं. शाळेतून आली की दप्तर टाकून झोपूनच जाते. शेजारच्या वहिनी म्हणतात प्रोटीन पावडरचा डबा चालू कर. तो 650 चा आहे आणि दोन्ही पोरं प्यायली तर पंधरा दिवसही जात नाही. आमच्याकडे सकाळी चहा-बिस्किट, दुपारी चपाती-भाजी, रात्री भात-आमटी असतं. एक वाटी तूरडाळ घालते ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवते. डबा घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. पण त्याआधी एक काम करा, मुलीला सरकारी दवाखान्यात दाखवून या. या वयाला हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर हवं, 9.8 म्हणजे बरंच कमी आहे, ते नुसत्या जेवणाने लवकर भरून निघत नाही, लोहाचं औषध लागतंच, आणि ते किती आणि किती दिवस हे डॉक्टरच सांगतील. शाळेत आठवड्याला गुलाबी गोळी देतात ती ती खाते की दप्तरात ठेवते ते विचारा (बऱ्याच मुली चव आवडत नाही म्हणून टाकून देतात). जंताची गोळी झालीय का तेही विचारा, पोटात जंत असतील तर तुम्ही कितीही चांगलं घाला, अंगाला लागत नाही.

आता जेवणाचं. तुमच्या घरात खरी अडचण सकाळची आहे असं मला वाटतं. चहा-बिस्किट म्हणजे मैदा, साखर, तेल आणि वर चहा, आणि चहा तर अन्नातलं लोह अंगात नीट जाऊ देत नाही. त्यामुळे पोरांचा चहा बंदच करा, मोठ्यांनीही जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा टाळा. बिस्किटाच्या पैशात काय येतं बघा. मूठभर भाजलेले शेंगदाणे म्हणजे साधारण 30 ग्रॅम, त्यात सात ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. एका अंड्यात सहा ग्रॅम. तुमच्या घरी चालत असेल तर आठवड्यातून तीन-चार दिवस पोरांना एकेक उकडलेलं अंडं द्या, नसेल चालत तर शेंगदाणे आणि गुळाचा खडा, नाहीतर रात्रीची भाकरी ताकात कुस्करून वर कांदा. वहिनी सांगतात तो डबा दुकानात हातात घेऊन मागचं लेबल वाचा, एका वेळच्या पावडरीत प्रोटीन किती ग्रॅम आणि साखर किती ग्रॅम लिहिलीय ते बघा आणि शेंगदाण्याशी ताडून बघा, मग तुम्हालाच कळेल.

दुसरं म्हणजे डाळ. एका वाटीत पाच माणसं, म्हणजे माणशी जेमतेम 30 ग्रॅम येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये जी आहाराची सूत्रं दिलीत त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात डाळी-कडधान्यं मिळून 85 ग्रॅम धरलीयत. मला माहितीय तूरडाळ महाग आहे, म्हणून सगळी तूरच घाला असं नाही म्हणत. रात्रीची आमटी तशीच राहू द्या, दुपारच्या बटाट्याच्या भाजीच्या जागी आठवड्यातून चार दिवस उसळ करा. मटकी, मूग, हुलगे, चवळी, ज्याचा भाव कमी असेल ते.

मटकीला मोड आणायची माझी पद्धत सांगते. एक वाटी मटकी निवडून (खडे बघा, दाताखाली आला की पोरं परत ताटाला हात लावत नाहीत) रात्री भरपूर पाण्यात भिजवायची. सकाळी पाणी काढून जुन्या सुती पंचात घट्ट पुरचुंडी बांधायची, चाळणीत ठेवायची, खाली ताटली, वर झाकण. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात, थंडीत पूर्ण एक दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी पिठाच्या डब्याशेजारी किंवा शेगडीजवळ ठेवायची आणि फडकं वाळलं तर पाण्याचा हबका मारायचा. मोड करंगळीच्या नखाएवढे झाले की बास. एका वाटीची फुगून जवळजवळ तीन वाट्या होते, पाच जणांना एक वेळ आरामात पुरते. मोड आल्यावर त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं आणि क जीवनसत्त्वही वाढतं, पण ते शिजवताना बरंचसं जातं म्हणून उसळीवर लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं. ही लिंबाची फोड विसरू नका, मुलीसाठी खास सांगतेय, पालेभाजी, डाळ, बाजरी यातलं लोह अंगात ओढून घ्यायला आंबटाची फार मदत होते. आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो काहीही चालेल.

आणि घरात लोखंडी कढई असेल, माळ्यावर असेल तर उतरवा. मेथी, चाकवत, तांदुळजा त्यात परता, थोडं लोह भाजीतच उतरतं. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा नाहीतर काळी पडते आणि चव बिघडते. डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला कधी बोलवतात ते मला नक्की कळवा, मी वाट बघेन.

प्रश्न: आम्ही दोघं पुण्यात नोकरी करतो, घरी यायला रात्रीचे आठ वाजतात. मुलगा चार वर्षांचा. महिन्यात दहा-बारा वेळा तरी बाहेरून मागवतो, पैसेही जातात आणि पोट पण बिघडतं. भाज्या चिरून ठेवायचा सल्ला नको, तो करून बघितला, रविवार पूर्ण जातो.

उत्तर: बरोबर आहे तुमचं, आणि चिरलेल्या भाज्या आठवडाभर ठेवल्या तर त्यातलं सत्त्व पण कमी होत जातं. भाज्यांच्या ऐवजी पिठं ठेवा. घरात कुळथाचं पीठ आणि थालीपिठाची भाजणी असली की बाहेरून मागवलेलं दारात येईपर्यंत तुमचं जेवून होईल. कुळथाचं पिठलं असं करा, दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, सहा-सात ठेचलेल्या लसूण पाकळ्या लालसर करा, हिरवी मिरची, हळद, मग तीन वाट्या पाणी आणि दोन-तीन आमसुलं. पाव वाटी पीठ वेगळ्या वाटीत गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, आणि पाण्याला उकळी आली की एका हाताने ढवळत दुसऱ्याने धार सोडा. मीठ घालून मंद गॅसवर सात-आठ मिनिटं, कच्चा वास गेला की झालं. तेवढ्यात कुकरला भात होतो. मुलाला पिठलं-भात मऊ कालवून तुपाची धार घालून द्या, त्याच्यापुरतं मिरची घालायच्या आधी काढता येत नाही म्हणून मिरची उभी चिरून अख्खी टाका, नंतर वेचून काढता येते. सोबत काकडी किंवा गाजर. भाजणीच्या थालीपिठात किसलेला दुधी, कोबी, मेथी काहीही जातं आणि मुलाला कळत पण नाही.

दहा-बारा वेळाचं एकदम शून्यावर आणू नका, चारवर आणा.

प्रश्न: आम्ही चौघं, महिन्याला पाच लिटरचा तेलाचा कॅन संपतो. हे जास्त आहे का? नाशिक.

उत्तर: हो, जास्त आहे. माणशी दिवसाला 40 मिलीच्या वर होतंय. मघाशी सांगितलेल्या सूत्रांत तेल-तूप सगळं मिळून दिवसाला 27 ग्रॅम धरलंय. म्हणजे तूप-लोण्याला थोडी जागा सोडली तर चौघांना महिना तीन लिटर पुरायला हवं. एक तारखेला तीन लिटर वेगळ्या बरणीत काढून ठेवा आणि फोडणीला कॅन तिरका न करता चमच्याने तेल घाला, निम्मं काम तिथेच होतं. तळणीचं उरलेलं तेल परत परत तापवू नका. पैसे वाचतील त्यातून दूध वाढवा.

प्रश्न: ताई, मी संभाजीनगरला रूमवर राहतो, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. मेस परवडत नाही. एक छोटा कुकर आणि एक गॅस आहे. रोज काय खाऊ?

उत्तर: अरे, कुकर आहे म्हणजे खूप आहे. एक मूठ तांदूळ, एक मूठ सालाची मूगडाळ, बरोबरीनेच घे, डाळ कमी करू नकोस. अर्धा तास भिजव, गॅस वाचतो. त्यात कांदा, टोमॅटो आणि बाजारात त्या दिवशी जी पालेभाजी स्वस्त असेल ती चिरून, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट, मीठ, तेलाची फोडणी कुकरमध्येच, चार शिट्ट्या. पाण्याचं माप म्हणजे तांदूळ-डाळीच्या चौपट. खायचा सोडा टाकू नकोस, लवकर शिजतं म्हणून रूमवरची मुलं टाकतात पण त्याने डाळीतलं ब जीवनसत्त्व जातं. रोज तेच खाऊन कंटाळा येईल तर एक दिवस तांदळाच्या जागी ज्वारीच्या कण्या, एक दिवस मसूर.

तुझ्या रूमच्या आसपास शेवग्याचं झाड असेलच कुणाच्या तरी दारात, विचारून चार डहाळ्या आण. रात्री फडक्यात गुंडाळून ठेवल्यास की सकाळी झटकून पानं आपोआप गळतात, एकेक तोडत बसावं लागत नाही. ती धुवून खिचडीत टाक. घरून येताना आईकडून जवसाची चटणी आण, कोरडी असते, महिनाभर टिकते. आणि रात्री जागताना चहावर चहा नको, भिजवलेले हरभरे ठेव जवळ, सकाळी वाटीभर पाण्यात टाकून गेलास की रात्रीपर्यंत तयार असतात, मिठाच्या पाण्यात एक शिट्टी काढून लिंबू पिळून खा.