भेटीचा पहिला आठवडा

नेरुळ, नवी मुंबई

चि. सौ. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप रविवारी वाचला आणि उत्तर फोनवर देण्यासारखे नाही असे वाटल्यामुळे हे पत्र लिहायला घेतले. तुझ्या नवऱ्याची साइन ऑफची, म्हणजे बोटीवरून उतरून घरी येण्याची, तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली, तरी वर्तकनगरच्या घरी तो आल्यापासून चौथ्या दिवशी सत्यनारायण, त्याच आठवड्यात कुलदेवतेचे दर्शन आणि मग गुहागरचा गणपती असा सारा बेत ठरलेला आहे. ऐरोलीच्या ऑफिसातून मोठ्या मिनतवारीने मिळवलेल्या तुझ्या पंधरा दिवसांच्या रजेतला एकही दिवस तुम्हा दोघांच्या वाट्याला राहात नाही, आणि असा हिशेब करणे हा तुझा स्वार्थ आहे का, असे तू विचारले आहेस. स्वार्थ मुळीच नाही. पण तू दिवस मोजते आहेस, आणि माझ्या अनुभवाने दिवस किती मिळाले यापेक्षा पहिले सात कसे गेले यावरच पुढची सगळी रजा ठरते. चौथ्या दिवशीचा सत्यनारायण मला तुझ्यापेक्षा जास्त खटकला, तो त्यामुळे.

आधी तारखेविषयी लिहिते, कारण निम्मे रुसवेफुगवे तिच्यापायी होतात. त्याच्या काँट्रॅक्टमध्ये सहा महिन्यांपुढे 'अधिक-उणे एक महिना' असे लिहिलेले असेल; ते शब्द शोभेचे नसतात, त्यांचा अर्थ कंपनी त्याला पाचव्या महिन्यातही सोडू शकते आणि सातव्यातही. त्याच्या जागी येणाऱ्या माणसाचा व्हिसा किंवा मेडिकल अडले, जहाज ज्या बंदरात माणसे बदलायची तिथे न जाता दुसरीकडे वळले, की तारीख सरकते, आणि त्यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर कित्येक कंपन्यांनी आपली जहाजे सुएझऐवजी केप ऑफ गुड होपला वळसा घालून नेली आणि एकेका फेरीचे दहा-बारा दिवस वाढले. ते वाढलेले दिवस अखेर कुणाच्या तरी घरच्या कॅलेंडरातूनच गेले. २०२० मध्ये तर जगभरातले जवळजवळ चार लाख खलाशी आणि अधिकारी मुदत संपूनही बोटींवर अडकून पडले होते, तेव्हा एक-दोन आठवड्यांचे पुढेमागे होणे हे आपल्या संसारातले हवापाणी समजावे. ऑफिसात तारीख सांगू नकोस, 'अमुक ते अमुक या महिन्याभरात केव्हातरी' असे सांगून ठेव, आणि गुरुजींना तर तो विमानात बसल्याखेरीज काहीच सांगू नये.

हे शहाणपण मला १९८८ साली आले. आम्ही तेव्हा ठाण्याला नौपाड्यात राहात होतो. मे महिन्यात तुझे काका, म्हणजे हे, बोटीवरून येणार म्हणून मी देवगड हापूसची पेटी आणून पलंगाखाली गवतात आढी घातली. फळे पिकू लागली तशी मी रोज एक उतरलेला आंबा काढून सासऱ्यांना द्यायची आणि बाकीचे पुन्हा झाकून ठेवायची. हे आले जुलैत, धो धो पावसात, आणि घरात आंब्याच्या नावाने बरणीतले लोणचे होते. त्या दिवसापासून मी यांच्यासाठी नासणारी वस्तू आगाऊ घेतलेली नाही.

त्याच रजेतली पहिली रात्र सांगते. दोन वाजता जाग आली तर शेजारी कोणी नव्हते. स्वयंपाकघरात अंधारात हे स्टुलावर बसून फ्रीजच्या कुशीला तळवा लावून होते. 'काँप्रेसर जरा जड चालतोय,' म्हणाले. फ्रीजला काही झालेले नव्हते. हे तेव्हा थर्ड इंजिनिअर होते, म्हणजे दुपारी बारा ते चार आणि रात्री बारा ते चार ही त्यांची पाळी, आणि इतके महिने अंगाखाली अहोरात्र चालणाऱ्या इंजिनाची सवय झालेल्या माणसाला आमच्या खोलीतल्या शांततेत झोप येईना. बोटीवर तो आवाज थांबला तर माणूस दचकून उठतो, कारण इंजिन बंद पडणे म्हणजे काहीतरी बिघडणे. तुझा नवरा सेकंड ऑफिसर आहे, त्यामुळे त्याचीही पाळी बहुधा तीच, फक्त इंजिनरूमऐवजी ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे. रात्री तो घरभर फिरेल आणि सकाळी नऊला, म्हणजे नातेवाइकांच्या भेटीच्या नेमक्या वेळी, डोळे मिटत खुर्चीवर बसेल. लोक म्हणतात, बोटीवर जाऊन मुलगा तुसडा झाला. तो केवळ झोपेला आलेला असतो. अशा माणसाला चौथ्या दिवशी सोवळे नेसवून दोन तास चौरंगासमोर बसवण्यात देवाचीही सोय नाही.

म्हणून पहिले सात दिवस रिकामे ठेव. विमानतळावर तू जा, फार तर सासूबाईंना बरोबर घे; दोन गाड्या भरून हार-फुलांसह माणसे नेऊ नका. तुझी रजाही त्या आठवड्यात सगळी खर्च करू नकोस. दोन दिवस घरी राहा आणि मग सरळ ऑफिसला जाऊ लाग, कारण त्याला तुझा रोजचा दिवस पाहायचा आहे, ठाण्याहून ऐरोलीला जाणारी तुझी गाडी कोणती, डबा कोण भरते, संध्याकाळी दार उघडल्यावर तू आधी काय करतेस, हे त्याने फोनवर शंभरदा ऐकले असले तरी एकदाही धड पाहिलेले नाही. राखून ठेवलेली रजा पुढे कामी येईल.

माझ्या हातून दुसरी चूक झाली ती याच्या नेमकी उलट होती. मी पाहुणे टाळले, पण स्वयंपाकघराच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आणि सहा महिन्यांत साठलेली कामे त्यावर लिहीत गेले: गळका नळ, गॅलरीचे दार, मिक्सर, बँकेतले नाव, सोसायटीशी भांडण. यांनी ती सगळी केली, आनंदाने केली, एकेका कामावर काट मारली, आणि यांची टॅक्सी गेल्यावर तो कागद काढताना माझ्या लक्षात आले की तीन आठवड्यांत आम्ही नळाखेरीज फारसे काही बोललो नव्हतो. तेव्हा प्लंबरला पैसे देऊन बोलाव. अपवाद कागदपत्रांचा, म्हणजे संयुक्त खाते, नामनिर्देशन आणि लागले तर मुखत्यारपत्र, कारण तिथे त्याची सही त्याच्याच हाताने लागते. ती कामे एकाच सकाळी उरकून टाका. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत ठेवण्याचा करासाठीचा हिशेब बोटीवरची बहुतेक मंडळी करतात, तो त्याने आपल्या सीएबरोबर करावा, पण त्यावरून रजा कधी संपणार हे ठरत असेल तर तुला आकडा ठाऊक असावा.

सहीवरून आठवले. आमची मुलगी दुसरीत असताना यांनी हौसेने तिच्या शाळेच्या दैनंदिनीत सही केली, तर ती वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, 'तू पण कर, बाबांची सही बाईंना माहीत नाही.' हे हसले, पण त्या संध्याकाळी जेवले नाहीत. यात मुलीचा दोष नव्हता आणि यांचाही नव्हता. माणूस नसताना घर थांबत नाही, ते आपली घडी बसवून घेते, आणि परतलेल्याला त्या घडीत शिरायला फट सापडत नाही. तुमच्या घरात अजून मूल नाही, पण मसाल्याचा डबा, टीव्हीसमोरची खुर्ची, सकाळच्या आंघोळीचा क्रम हे सगळे सहा महिन्यांत बदलले असेल. त्याच्याकडे एखादे काम कायमचे सोपवून दे, रजेत दूध-भाजी आणणे का असेना, आणि मग तो महाग भाजी आणतो म्हणून तोंडातून एक शब्द काढू नकोस. मला हे जमायला चार रजा लागल्या.

आमच्या वेळी बोटीवरून फोन येई तो रेडिओवरून. एकाने बोलून 'ओव्हर' म्हणायचे आणि मग दुसऱ्याने, शिवाय वाटेत कोण कोण ऐकत असेल या धास्तीने मी प्रकृती आणि पाऊस यांपलीकडे जात नसे. तुम्ही रोज व्हिडिओवर दिसता. त्यामुळे तुमची अडचण आमच्या उलट आहे: घरातली प्रत्येक कुरबूर त्याला कळलेली असते, तुझ्या आणि सासूबाईंच्या दोन्ही बाजूंनी, आणि तो उतरतो तेव्हा सहा महिन्यांचा निवाडा डोक्यात घेऊनच उतरतो. उतरण्याआधीच्या पंधरा दिवसांत तरी कुणाची तक्रार त्याच्या कानावर घालू नकोस. सत्यनारायणाचा विषयही त्याच्याकडे नेऊ नकोस. बोटीवरून तो आईलाही हो म्हणेल आणि तुलाही.

तो विषय तूच सासूबाईंशी काढ. शनिवारी दुपारी त्या निवांत असतील तेव्हा भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढून दोघींच्या मध्ये ठेव आणि त्यांना विचार की यातल्या कोणत्या दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत असे त्यांना वाटते. काय होऊ नये ते विचारू नकोस. एक ध्यानात असू दे, त्यांनीही तेवढेच महिने मोजलेले आहेत, आणि तुझ्याकडे निदान ऑफिस आहे. त्यांच्या पिढीला मुलाला 'मला तुझ्याजवळ बसायचे आहे' असे तोंडाने सांगता येत नाही; मग त्या पूजा घालतात, म्हणजे तो दोन तास जागेवरून उठणार नाही. हे मी उगाच लिहीत नाही, माझ्या सासूबाईंनी एका रजेत यांच्याकडून तीन वेळा सत्यनारायण करवून घेतला होता, आणि तिसऱ्या वेळी तर प्रसादाचा शिरा करतानाच मला ते उमगले. त्या महिन्यापासून मी आठवड्यातून एक दुपार मुलीला घेऊन तलावपाळीला किंवा माहेरी जात असे आणि मायलेकांना घर मोकळे करून देत असे. पूजेची संख्या आपोआप एकवर आली. तूही ऑफिसला जाशील त्या दिवसांतला एखादा दिवस त्यांचा आहे असे त्यांना स्पष्ट सांग. सांगितल्याने त्याची किंमत वाढते.

गणपतीचे मात्र टाळू नये असे माझे मत आहे. गावच्या घरी तो पाच दिवस दिसला की वर्षभराच्या भेटी एका अंगणात उरकतात आणि ठाण्याला घरोघरी चहा पीत हिंडावे लागत नाही. कोकण रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठच दिवस आधी उघडते आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणून घरच्यांची तिकिटे आधी काढा, त्याचे वेगळ्या तिकिटावर काढा. तो नाही आला तर तेवढेच रद्द होईल आणि बाकीचे प्रवास करतील. गौरी-विसर्जन झाले की तुम्ही दोघे बाकीच्यांच्या एक दिवस आधी निघा. कारण विचारले तर तुझी रजा संपली म्हणून सांग. ती संपलेली नसेल, पण एवढे खोटे गणपती पोटात घालतो.

तू त्याच्याकडे जाण्याविषयीही विचारले आहेस. कंपनी परवानगी देत असेल आणि जहाज धोक्याच्या पाण्यातून जाणार नसेल तर एकदा तरी महिनाभर जाऊन ये, मग ऑफिसची बिनपगारी रजा घ्यावी लागली तरी चालेल. पासपोर्ट, व्हिसा, मेडिकल यांशिवाय काही बंदरांसाठी पिवळ्या तापाची लस लागते आणि तिचा दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य धरतात, म्हणून ती शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस. बंदरातल्या धावत्या भेटीवर मात्र भिस्त ठेवू नये. १९९४ साली यांचे जहाज न्हावा-शेव्याला लागले तेव्हा एजंटाकडून पास मिळवून मी मुलीला आणि पुरणपोळीच्या डब्याला घेऊन गेले. जहाजावर चार तास होते, त्यांतली वीस मिनिटे हे तेलकट बॉयलर सूटमध्ये माझ्यासमोर उभे होते, बसलेही नाहीत. डबा केबिनमध्ये ठेवून आम्ही परत आलो. आता नेरुळहून उरणला लोकल जाते, पण बंदराच्या दारावरची तपासणी पूर्वीपेक्षा कितीतरी कडक झाली आहे आणि कंटेनरची जहाजे जेमतेम दिवसभर थांबतात.

निघण्याआधीच्या दोन दिवसांत तुमचे क्षुल्लक कारणावरून भांडण होईल. आमचे दर वेळी व्हायचे, बहुधा बॅगेवरून. माळ्यावरची बॅग आदल्या रात्रीपर्यंत खाली काढायची नाही असे मी ठरवले, तेव्हापासून ते निदान एकाच रात्रीत बसू लागले.

शनिवारी सासूबाईंशी बोलणे झाले की काय ठरले ते मला कळव. आणि तो आला की दुसऱ्या आठवड्यानंतर दोघे जेवायला या, आधी नको. रात्री उशीर झाला तरी संकोच करू नका. काकांना निवृत्त होऊन दहा वर्षे झाली, पण बारा ते चार ते अजूनही जागेच असतात.

तुझी,
नेरुळची काकू