घरात कोणी मारत नाही, तरी मूल मारायला कुठून शिकतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरला एकत्र कुटुंब, मुलांवर कोणी हात उगारत नाही, तरी साडेचार वर्षांचा मुलगा धाकट्या बहिणीला लाटणं उलटं धरून मारतो आणि वर म्हणतो, "थांब, तुले मारसू."

आधी ते लाटणं आणि ते वाक्य बघा. ढकलणं, चावणं, केस ओढणं लहान मुलांना शिकवावं लागत नाही. पण ठरावीक वस्तू, ती धरायची ठरावीक ढब आणि सोबत ठरलेले शब्द, एवढं एकत्र आलं की ते बहुधा कुठेतरी पाहिलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी 1961 मध्ये हेच तपासलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली 72 मुलं, सरासरी वय 4 वर्षं 4 महिने. त्यांतल्या 24 जणांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने मारलं, त्याच्यावर बसून नाकावर ठोसे दिले, वर उडवलं आणि तोंडाने ठरलेली वाक्यं म्हटली. नंतर मुलांना छान खेळणी देऊन ती दोनच मिनिटांत काढून घेतली, म्हणजे थोडी चिडचिड व्हावी, आणि मग 20 मिनिटं काचेआडून पाहिलं. त्या मुलांनी तेच प्रकार केले, वाक्यंही तीच. शांत माणूस पाहिलेल्या किंवा कोणालाच न पाहिलेल्या मुलांत ही नक्कल जवळजवळ नव्हती. 1963 मध्ये मारणारा माणूस पडद्यावर दाखवला, तरी तेच झालं. तेव्हा मोबाईलवरचे व्हिडिओही संशयितांत धरा.

तुमच्या कामाचा मात्र त्यांचाच 1965 चा प्रयोग आहे. मारणाऱ्याला शिक्षा झालेली पाहिली त्या मुलांनी कमी नक्कल केली. पण "त्याने काय केलं ते करून दाखव, स्टिकर आणि सरबत मिळेल" म्हटल्यावर त्यांनाही इतर मुलांइतकंच येत होतं. म्हणजे शिक्षा पाहून मूल थांबलं, तरी शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं. आज शांत बसलेला मुलगा महिनाभराने आत्याच्या घरी लाटणं उचलतो, ते यामुळे.

या प्रयोगांतून मुलगा पुढे गुंड होईल असा अर्थ मात्र काढू नका. बाहुला मार खाण्यासाठीच बनवलेला होता आणि मोजणी लगेच केली होती.

आता आठवडाभर वहीत चार रकाने करा: वेळ, लगेच आधी काय झालं, नेमकं काय केलं-बोलला, आणि नंतर त्याला काय मिळालं. माझ्या मते चौथ्या रकान्यातच उत्तर सापडण्याची शक्यता जास्त. बहिणीच्या हातातलं खेळणं सुटलं, रडणं थांबावं म्हणून मोबाईल मिळाला, किंवा ओट्यावर बसलेले काका "पोऱ्या भारी शे" म्हणून हसले. हसणं हेही बक्षीसच. एकत्र कुटुंबात हे एकट्या आईच्या हातात नसतं, म्हणून आजी-आजोबांसह सगळ्यांना एकदाच बसवून सांगा.

मारलं की हात किंवा लाटणं मध्येच धरा, "मारायचं नाही" एवढंच म्हणा, भाषण नको. आधी बहिणीकडे लक्ष द्या. हिसकावलेली वस्तू परत तिच्या हातात. त्याला चापट मारलीत, तर मोठा माणूस चिडला की हात चालवतो हा धडा तो समोरच पाहील. "उशीला मारून राग काढ" हा सल्लाही टाळा. त्याने राग उतरत नाही, मारण्याचा सराव होतो.

बदली वागणूकही दाखवावी लागते, नुसती सांगून जमत नाही. तो शांत असताना दिवसातून दोन-तीनदा, खेळ म्हणून, त्याच्याच बोलीत: हात पुढे करून "माले दे", नाही मिळालं तर मोठ्यांना हाक. घरातल्या पुरुषांनी करून दाखवलं तर उत्तम, कारण 1961 च्या प्रयोगात मारामारी करणाऱ्या पुरुषाची नक्कल मुलग्यांनी जास्त केली होती. पहिल्यांदा नीट मागितलं की वस्तू लगेच मिळू द्या. उशीर झाला तर लाटणंच जास्त उपयोगी ठरतं.

दोन महिने हे करूनही जखमा होत असतील, किंवा तो स्वतःला वा जनावरांना इजा करत असेल, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा.